जुनाट सुजेचा आजार असताना ऑपरेशन: तारीख घेण्यापासून औषध पुन्हा सुरू होईपर्यंतचा क्रम

"ऑपरेशन आहे ना, म्हणून पंधरा दिवस आधीच सगळ्या गोळ्या बंद केल्या." संधिवाताच्या रुग्णांशी बोलताना हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं आहे की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. याच्या अगदी उलट टोकाचं दुसरं वाक्य असतं: "ऑपरेशन पित्ताशयाचं होतं, तिथे सांध्यांच्या इंजेक्शनचं कशाला सांगायचं?" पहिल्या प्रकारात आजार उचल खातो, दुसऱ्या प्रकारात जखम चिघळू शकते. दोन्हींचं मूळ एकच आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि या आजारावर उपचार करणारे आपले नेहमीचे डॉक्टर आपसात बोलले असतील असं आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते बोललेले नसतात.

मला आमवात आहे. गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा मी स्वतःच्या मनाने महिनाभर मेथोट्रेक्सेट हे माझं आमवाताचं औषध बंद ठेवलं. गुडघ्याचं काम उत्तम झालं, पण चौथ्या दिवशी दोन्ही मनगटं अशी सुजली की वॉकर पकडता येईना. नव्या गुडघ्यावर उभं राहायचं तर हातांवर भार द्यावा लागतो आणि माझ्या हातांना चमचाही धरवत नव्हता. व्यायामाचा पहिला पंधरवडा वाया गेला. तो भरून काढायला पुढे कित्येक महिने लागले.

आमवात, सोरायसिसचा संधिवात, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात), ल्युपस (अनेक अवयवांना सूज आणणारा आजार), क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस (हे दोन आतड्यांच्या सुजेचे आजार) यांपैकी काही असेल आणि ठरवून करायचं ऑपरेशन समोर असेल, तर खालचा क्रम पाळा. औषध बंद-चालू करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. पण योग्य प्रश्न योग्य वेळी विचारणं आपल्या हातात आहे.

## टप्पा १: तारीख घेण्याआधी आजार कुठे आहे ते पाहा

आधी तारीख आणि मग तयारी असं करू नका. सर्जनकडून तारीख घेण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: "आजार सध्या ऑपरेशन झेपेल इतका शांत आहे का?"

स्टिरॉइड चालू असेल तर डोस किती आहे, याला इथे फार महत्त्व आहे. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनला थोडं थांबता येत असेल तर डॉक्टर डोस हळूहळू खाली आणायचा प्रयत्न करतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. ऑपरेशन परवावर आलेलं असताना हे सुचून उपयोग नाही.

आतड्यांच्या सुजेच्या आजारात वजन, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) यांवर जखमेचं भवितव्य ठरतं. रक्त कमी असेल, वजन उतरलं असेल, तर ते सुधारायला काही आठवडे मागून घ्या. सांध्यांच्या आजारातही दीर्घकाळच्या सुजेमुळे हिमोग्लोबिन कमी राहतं, आणि "मला ते कायमच कमी असतं" म्हणून आपण ते सोडून देतो. सोडू नका.

सांधा बदलायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. त्याच सांध्यात आधीच्या तीन महिन्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं नसावं. दुखतंय म्हणून "तेवढ्यापुरतं एक" मारून घेण्याचा मोह टाळा. आणि दात तपासून घ्या. किडलेला दात, पू झालेली हिरडी यांतून जंतू रक्तात उतरतात आणि नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. दाताचं काम आधी, सांध्याचं नंतर.

सिगारेट, तंबाखू असेल तर किमान चार आठवडे आधी सोडा. लस राहिली असेल तर तिच्याबद्दलही आत्ताच विचारा. जिवंत जंतूंची लस बायोलॉजिक औषधं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबून सूज आवरणारी, बहुधा इंजेक्शनने किंवा सलाइनमधून दिली जाणारी औषधं) चालू असताना घेत नाहीत.

इथे थांबून तपासा: स्टिरॉइडचा डोस, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या आणि साखर यांचे ताजे आकडे तुमच्याकडे कागदावर आहेत का? मधुमेह नसला तरी स्टिरॉइडमुळे साखर वाढलेली असू शकते, म्हणून तीही बघाच.

## टप्पा २: एक कागद तयार करा

फाइल नको, एकच कागद. सर्जन जाडजूड फाइल उलगडत बसणार नाही. त्याच्या टेबलावर वाचायला दीड मिनिट लागेल असा कागद हवा. त्यावर:

- आजाराचं नाव आणि किती वर्षं आहे.
- प्रत्येक औषधाचं मूळ नाव, डोस, कोणत्या दिवशी घेता आणि शेवटचा डोस कधी घेतला. नुसतं कंपनीचं नाव लिहू नका. एकाच औषधाची डझनभर नावं असतात आणि भूलतज्ज्ञाला सगळी माहीत नसतात.
- गेल्या वर्षभरात स्टिरॉइड कधी घेतलं, किती, किती दिवस. सध्या बंद असलं तरी लिहा.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे.
- आधीच्या भुलीत काही त्रास झाला होता का.
- मान, जबडा, पाठ, फुप्फुसं, मूत्रपिंड यांत आजार उतरला आहे का.
- नेहमीच्या डॉक्टरांचा फोन.

लोक गाळतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, कारण ते "रोजच्या गोळ्यांत" येत नाही, सहा महिन्यांनी एकदा लागणारं सलाइन, आणि जडीबुटीच्या पुड्या, हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या. यातल्या काहींनी रक्त पातळ होतं. कुणीतरी दिलेल्या बिनलेबलच्या "सांधेदुखीच्या पुडी"त स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत. ती पुडी तुम्ही वर्षभर घेत असाल तर शरीर स्टिरॉइडवर अवलंबून असेल आणि ते कुणालाच ठाऊक नसेल. लाजू नका, सांगा. तुम्ही पुड्या का घेतल्या याची चौकशी करायला भूलतज्ज्ञ बसलेला नसतो. त्याला तुमचा रक्तदाब सांभाळायचा असतो.

## टप्पा ३: औषधांचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "सगळं बंद" हे उत्तर नाही आणि "सगळं चालू" हेही नाही. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि खुबा-गुडघा बदलणाऱ्या सर्जनांची तिथली संघटना यांनी मिळून २०१७ साली याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२२ साली ती सुधारली. ती खुबा आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी आहेत, पण बाकीच्या ऑपरेशनांतही डॉक्टर अनेकदा त्यांचाच आधार घेतात. खालच्या गोष्टी त्या धर्तीवर समजून घ्या. तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच खरं.

बहुतेकदा चालूच राहतात: मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड, ॲप्रेमिलास्ट. यांना नेहमीच्या डोसमध्ये चालू ठेवल्याने जंतुसंसर्ग वाढतो असं दिसलेलं नाही. उलट बंद केल्याने आजार उचल खातो. माझी चूक नेमकी हीच होती. मात्र मूत्रपिंडाचं काम बिघडलं असेल किंवा अंगात ताप, संसर्ग असेल तर मेथोट्रेक्सेटचा विचार बदलतो. तेव्हा ते डॉक्टरच थांबवतील.

तीन दिवस आधी थांबवतात: टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब या गोळ्या. शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून आठवडे-आठवडे बंद ठेवण्याची गरज नाही.

एक डोस वगळून त्यानंतर ऑपरेशन: बायोलॉजिक इंजेक्शनं. इथे नुसतं "इंजेक्शन बंद" एवढं पुरत नाही, ऑपरेशनची तारीख त्या इंजेक्शनच्या चक्रात बसवावी लागते. साधा नियम असा: पुढचा डोस ज्या दिवशी येणार होता तो घ्यायचा नाही आणि त्यानंतरच्या आठवड्यात ऑपरेशन करायचं.

एक उदाहरण सोडवून पाहू. अडालिमुमॅब दर १४ दिवसांनी घेता. शेवटचं इंजेक्शन १ तारखेला झालं. पुढचं १५ तारखेला येतं, ते वगळायचं. ऑपरेशन १६ ते २२ तारखेच्या दरम्यान. आठवड्याला एकदा एटानर्सेप्ट घेणाऱ्याचं ऑपरेशन शेवटच्या डोसपासून मोजून दुसऱ्या आठवड्यात. महिन्याला एकदा सेक्युकिनुमॅब किंवा गोलिमुमॅब असेल तर पाचव्या आठवड्यात. दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅबचं सलाइन लागत असेल तर नवव्या आठवड्यात. रिटुक्सिमॅब सहा महिन्यांनी घेत असाल तर सातव्या महिन्यात.

आता लक्षात येईल की तारीख आधी घेऊन मोकळं होणं का अंगाशी येतं. इन्फ्लिक्सिमॅब काल घेतलं आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं, तर सगळा हिशेब कोलमडतो. तारीख ठरवताना कॅलेंडर सर्जनसमोर ठेवा.

आतड्यांच्या आजारात पोटाचंच ऑपरेशन असेल तर बायोलॉजिकचा हिशेब वेगळा असतो. कधी आजार इतका पेटलेला असतो की थांबायला वेळच नसतो. तिथे पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील तेच पाळा.

ल्युपससाठी: मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन यांसारखी औषधं आजार गंभीर असेल, म्हणजे मूत्रपिंडासारख्या अवयवात उतरला असेल, तर चालू ठेवतात. सौम्य असेल तर आठवडाभर आधी थांबवतात. "तुमचा आजार कोणत्या गटात" हे नेहमीच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर तेही ठळक लिहा. त्यात रक्ताच्या एका चाचणीत गोठायला वेळ लागतोय असं दिसतं, पण प्रत्यक्षात गुठळ्या होण्याचाच धोका जास्त असतो. अनोळखी डॉक्टराची फसगत होऊ शकते.

वेदनाशामकं: आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बहुतेक काही दिवस आधी थांबवतात, पायरोक्सिकॅमसारखी शरीरात रेंगाळणारी गोळी जास्त आधी. ती बंद झाल्यावर दुखणं कशाने आवरायचं हे त्याच भेटीत विचारून घ्या, नाहीतर आदल्या रात्री सहन न होऊन हात त्याच गोळीकडे जातो.

इशारा: हृदयात स्टेंट असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी औषधं हृदयरोगतज्ज्ञाला किंवा मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सांगणारा कुणीही असो.

### स्टिरॉइड: स्वतंत्र नियम

बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: रोजचं स्टिरॉइड ऑपरेशनसाठी अचानक बंद करायचं नाही.

आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी रोज नैसर्गिक स्टिरॉइड बनवतात. बाहेरून गोळी येत राहिली की त्या सुस्तावतात. ऑपरेशनच्या ताणात शरीराला नेहमीपेक्षा जास्त स्टिरॉइड लागतं. गोळी बंद आणि ग्रंथी झोपलेल्या, असं झालं की रक्तदाब कोसळतो. जीव जाऊ शकतो.

जादा डोस द्यायचा की नाही यावर मतं वेगळी आहेत. वरच्या अमेरिकन तत्त्वांत नेहमीचाच डोस चालू ठेवायला सांगितलं आहे. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० सालच्या तत्त्वांत चार आठवडे किंवा जास्त काळ रोज ५ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन (शिरेतून द्यायचं स्टिरॉइड) द्यायला सांगितलं आहे. यात आपण न्यायाधीश व्हायचं कारण नाही. भूलतज्ज्ञाला विचारा: "माझ्या स्टिरॉइडचं त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस तुम्ही काय करणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

इथे थांबून तपासा: प्रत्येक औषधापुढे तीन तारखा हव्यात: शेवटचा डोस, ऑपरेशन, पुन्हा सुरू करण्याची अंदाजे तारीख. खाली नेहमीच्या डॉक्टरांची सही. हा कागद सर्जनने आणि भूलतज्ज्ञाने पाहिला आहे ना?

## टप्पा ४: भूलतज्ज्ञाची भेट

ही भेट आदल्या संध्याकाळी कॉटवर पाच मिनिटांत उरकू देऊ नका. आधी वेळ मागा.

आमवात बरीच वर्षं असेल तर मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकू लागलेले असू शकतात. बऱ्याच जणांना त्याची काहीच जाणीव नसते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान मागे वाकवतात, तेव्हा तिथून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेल्या एक्स-रेबद्दल विचारा. मान वळवताना हाताला मुंग्या येतात, डोक्याच्या मागच्या बाजूला कळ उठते, पावलं अडखळतात, यांपैकी काही असेल तर आपणहून सांगा.

जबड्याचे सांधे आखडले असतील तर तोंड पूर्ण उघडत नाही. आरशासमोर उघडून पाहा, स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक आत जातात का? जात नसतील तर सांगा. आवाज घोगरा झाला असेल तर तेही, कारण स्वरयंत्राजवळचे इवलेसे सांधेही सुजतात.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये अडचण वेगळी. मान एकाच जागी ताठ झालेली असते, पाठीत सुई घालायला मणक्यांमध्ये जागा मिळत नाही आणि छाती फुगत नाही. मणके कडक दिसले तरी ठिसूळ असतात. "मला जबरदस्तीने सरळ झोपवू नका, उशी लागेल" हे वाक्य भुलीच्या आधी बोलायचं असतं, नंतर बोलणारं कुणी नसतं.

चढ चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही, असं असेल तर फुप्फुसांची तपासणी करून घ्या. संधिवात फुप्फुसांत उतरतो.

शोग्रेन (डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा आजार) असेल तर डोळ्यांत मलम घालायची आठवण करा, भुलीत कोरडे डोळे खरचटतात. थंडीने बोटं पांढरी-निळी पडत असतील तर अंग गरम ठेवायला सांगा.

## टप्पा ५: शेवटचा आठवडा

रोज सकाळी स्वतःला नीट बघा. बोटांच्या फटी, नखांची मुळं, टाचांच्या भेगा, मांडीचा सांधा. गळू, फोड, लघवीला जळजळ, ताप, खोकला यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. "तारीख पुढे जाईल" या भीतीने लपवू नका. पुढे गेलेली तारीख परत मिळते.

सोरायसिसचा चट्टा जिथे चीर द्यायची तिथेच असेल तर सर्जनला दाखवा. कापलेल्या जागी नवा चट्टा उठण्याची शक्यताही त्याला सांगून ठेवा. ऑपरेशनच्या जागचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू आत जातात.

घरातली मांडणी आत्ता करा. कुबड्या, वॉकर हातात धरून पाहा. बोटं वाकडी असतील तर साधी कुबडी तळहातावर बोचते आणि मनगटावर भार येतो. कोपरापासून पुढच्या हाताला आधार देणारी कुबडी मिळते, ती आधीच मागवा. नळ, दाराची कडी, औषधाच्या बाटलीचं झाकण यांतलं काय एका हाताने उघडता येत नाही ते बघून घ्या.

## टप्पा ६: ऑपरेशनचा दिवस

साधारणपणे घन अन्न सहा तास आधी आणि पाण्यासारखं स्वच्छ पेय दोन तास आधी बंद करतात. तुम्हाला सांगितलेली वेळ यापेक्षा वेगळी असेल तर ती पाळा.

उपाशी राहायचं म्हणजे औषधही नाही, असा अर्थ लावू नका. स्टिरॉइडची सकाळची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. आदल्या दिवशी विचारून ठेवा.

टेबलावर झोपवण्यापूर्वी सांगा: कोणता खांदा वर जात नाही, कोणती कोपर सरळ होत नाही, कोणता खुबा बाहेर वळत नाही. भुलीत स्नायू ढिले पडतात आणि न वाकणारा सांधाही वाकवला जातो. स्टिरॉइडने कातडी पातळ झाली असेल तर चिकटपट्टी जपून काढायला सांगा, पट्टीबरोबर कातडी सोलून निघते.

## टप्पा ७: वॉर्डातले दिवस

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. दाखल झाल्यावर औषधांची यादी नव्याने लिहिली जाते आणि तिथे "रोज एक" पडण्याची चूक होते. जगभर या चुकीने माणसं दगावली आहेत. एका सकाळी माझ्या कॉटशेजारच्या कागदी कपात तीन गोळ्या होत्या: एक पोटाची, एक रक्तदाबाची आणि तिसरी बारीक पिवळी. वार बुधवार होता, माझा मेथोट्रेक्सेटचा दिवस रविवार. मी ती गोळी बाजूला काढली आणि सिस्टरला बोलावलं. त्यांनी चार्ट पाहिला, काही न बोलता खोडला आणि डॉक्टरांना फोन लावला. भूल उतरून चोवीस तासही झाले नसते तर मी ती गिळली असती. म्हणून सोबत राहणाऱ्या माणसाला वार सांगून ठेवा, आणि चार्टवर वार लिहून घ्या.

याच औषधाबरोबर को-ट्रायमॉक्सझोल हे प्रतिजैविक देऊ नये. दोन्ही मिळून अस्थिमज्जेतल्या पेशी घटवतात. नवं प्रतिजैविक सुरू होताना "मी मेथोट्रेक्सेटवर आहे" हे एकदा मोठ्याने म्हणा.

उलट्यांमुळे स्टिरॉइडची गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच सांगा, ते शिरेतून द्यावं लागतं. कमालीचा थकवा, चक्कर, पोटात दुखणं, गोंधळल्यासारखं होणं आणि उतरत जाणारा रक्तदाब दिसला तर सोबतच्या माणसाने "यांना स्टिरॉइड चालू होतं" हे शब्द वापरायचे.

सुजेच्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता जास्त असते. पोटरीत एका बाजूला सूज, दुखणं, किंवा अचानक धाप लागली तर थांबू नका. पडल्या पडल्या घोटे हलवत राहा.

फिजिओथेरपिस्टला सांगा की सकाळी सांधे आखडलेले असतात. शक्य असेल तर व्यायाम सकाळी उशिरा, वेदनाशामक घेतल्यावर ठेवा.

## टप्पा ८: उचल की जंतुसंसर्ग?

घरी आल्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न हा.

दोन्ही बाजूंचे बरेच सांधे दुखतात, सकाळी तासभर ताठर राहतात, हालचालीने सैल होतात आणि हे दुखणं ओळखीचं वाटतं, तर बहुधा उचल आहे. एकच सांधा किंवा जखमेभोवतालचा भाग तापतो, लाली पसरत जाते, पाणी किंवा पू येतो, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप येतो, दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढतं, तर संसर्ग समजून त्याच दिवशी सर्जनकडे जा.

इशारा: ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असं धरू नका. स्टिरॉइड ताप दाबतं. टोसिलिझुमॅब हे बायोलॉजिक घेणाऱ्यांत तर सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) वाढत नाही, संसर्ग आत असतो आणि रिपोर्ट चांगला येतो. ऑपरेशननंतर सीआरपी बाकी सगळ्यांचाच पहिल्या दोन-तीन दिवसांत चढतो, तो एकदाच पाहून घाबरू नका. खाली येतोय की नाही ते पाहायचं.

आतड्यांच्या आजारात क्वचित जखमेच्या कडा जांभळ्या होऊन ती झपाट्याने पसरते आणि भयंकर दुखते. हे पायोडर्मा गँग्रिनोसम असू शकतं. ते संसर्गासारखं दिसतं, पण पुन्हा कापून साफ केलं तर आणखी पसरतं. अशी जखम दिसली तर कापण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचा आग्रह धरा.

उचल आलीच तर घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा ९: थांबवलेलं औषध पुन्हा सुरू करणं

इथे दोन चुका दिसतात. काही जण घरी पोहोचताच इंजेक्शन घेतात. काही जण सांगायला कुणी नाही म्हणून तीन-तीन महिने घेतच नाहीत.

बायोलॉजिक पुन्हा सुरू करताना तारखेपेक्षा जखम पाहतात: टाके किंवा स्टेपल निघाले आहेत, सूज आणि लाली नाही, पाणी येत नाही, आणि शरीरात दुसरीकडे कुठे संसर्ग नाही. साधारण दोन आठवडे लागतात. टाके काढायच्या दिवशीच सर्जनकडून "जखम भरली" असं लिहून घ्या, त्याचा फोटो नेहमीच्या डॉक्टरांना पाठवा आणि इंजेक्शनची तारीख पक्की करा.

## अचानक ऑपरेशन करावं लागलं तर

आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटलं किंवा हाड मोडलं तर चक्र मोजत बसायचं नाही. औषध शरीरात आहे म्हणून तातडीचं ऑपरेशन लांबवत नाहीत. फक्त डॉक्टरांना तीन गोष्टी लगेच कळायला हव्यात: स्टिरॉइड किती आणि किती दिवसांपासून, शेवटचं इंजेक्शन कोणतं आणि कधी, मानेत दोष आहे का. या तीन ओळी पाकिटात ठेवा, घरातल्या एकाच्या फोनमध्ये ठेवा, आणि दर इंजेक्शननंतर तारीख बदला.